मुलं, सायकली आणि डोंगर: घर नेमकं कुठे घ्यावं?

उनाडपाऊल
घर बदलायचं ठरलं आहे. आम्ही चौघं, मुलं ६ आणि ११ वर्षांची. चालणं, सायकल, पोहणं आणि रात्री आकाश बघणं हे सगळ्यांचे सामाईक छंद. गाळून गाळून तीन पर्याय उरलेत:

अ) मोठं शहर. नदीकाठचं मोठं उद्यान चालत ८ मिनिटांवर. फ्लॅट लहान, तिसरा मजला.
ब) शहरापासून पाऊण तासावरचं छोटं नगर. पाठीमागे टेकड्या, तलाव ३ किमीवर.
क) डोंगरउतारावरचं सुटं घर. दारातूनच पायवाट. शहर दीड तास.

एकाला आठवड्यातून तीनदा शहरात जावं लागतं, दुसऱ्याचं काम घरून. माझा कल सरळ 'क'कडे आहे. डोंगर दारात असेल तर बाकीच्या अडचणी सोसता येतात असं माझं मत. खोडून काढा.

नकाशेबाज
खोडतो. रविवार बघून घर घेऊ नका, मंगळवार बघून घ्या. आठवड्यात कामाचे दिवस पाच आणि सुट्टीचे दोन; त्या दोनांतलाही एक कपडे, बाजार आणि पाहुण्यांत जातो.

'क'चं गणित बघा. दीड तास जायला, दीड यायला, गुणिले तीन = आठवड्याला ९ तास. 'ब'चे साडेचार. हे तास येतात कुठून? संध्याकाळच्या उजेडातूनच. दारातली पायवाट अंधारात बघायची असेल तर प्रश्न मिटला.

इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या माहितीवर २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःची तब्येत आणि समाधान जास्त चांगलं असल्याचं सांगितलं होतं. ती १२० मिनिटं एकदम घेतली की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नव्हता. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर खडूस_अभियंता येईलच. पण रोजची २० मिनिटं जमवणं हे रविवारी सहा तास जमवण्यापेक्षा फार सोपं असतं.

नकाशावर प्रत्येक घराभोवती तीन हद्दी काढा: चालत १० मिनिटं, सायकलने ३० मिनिटं, गाडीने ६० मिनिटं. सरळ रेषेचं वर्तुळ नको, रस्त्याने जेवढं पोचता येतं तेवढंच. तुम्ही वापराल त्यातलं बहुतेक पहिल्या हद्दीतलं असेल.

घरकोंबडा
धागा वाचूनच दम लागला. चौथा पर्याय सुचवतो: मोठी खिडकी.

रानभूल
नकाशेबाज, अर्धवट सहमत. रोजची हिरवळ आणि खरं रान या वेगळ्या गोष्टी आहेत. उद्यानाच्या त्याच फेरीला ११ वर्षांचं मूल वर्षभरात कंटाळतं. वाट शोधणं, हवामान वाचणं, ओल्या खडकावर पाय कुठे ठेवायचा, ओढा पार करायचा की परत फिरायचं, यातलं काहीच आखीव रस्त्यावर शिकता येत नाही. शिवाय रान दोन तासांवर असेल तर दर वेळी बेत आखावा लागतो, आणि बेत आखावा लागला की निम्म्या वेळा रद्द होतो.

नकाशेबाज
@रानभूल तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे :)

चढउतार
'दारातून पायवाट' हे शब्द जाहिरातीत गोड वाटतात. त्या वाटेचा उतार मोजा.

१:५०,००० चा नकाशा घ्या. त्यात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बहुधा २० मीटर उंचीच्या फरकाने असतात (खाली सूचीत बघून खात्री करा). नकाशावरचा १ मिमी म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. वाटेवर लागोपाठच्या दोन रेषांमध्ये ५ मिमी अंतर असेल तर २५० मीटरला २० मीटर, म्हणजे ८ टक्के चढ. अंतर २ मिमी असेल तर २० टक्के.

लहान मुलांच्या सायकलीला हे थेट लागू पडतं. ६ वर्षांच्या मुलाचं वजन २० किलोच्या आसपास आणि सायकल सहज ८ किलोची, शिवाय गिअर नाहीत. ५ टक्क्यांपर्यंत मूल चालवतं, ८ च्या वर उतरून ढकलतं. उतरणीला त्याहून वाईट: छोट्या हातांची बोटं ब्रेकच्या दांड्याला पुरत नाहीत, आणि मागच्या ब्रेकवरच भिस्त असली की चाक घसरतं. म्हणजे 'क'मधून सायकल कुठेही न्यायची तर आधी गाडीवर चढवा. सायकलवेड्या घराचं डोंगरउतारावर हेच होतं, सायकली भिंतीला टांगलेल्या राहतात.

चालण्यासाठी नेस्मिथचा ठोकताळा (१८९२): सपाटीवर ताशी ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. हा सुदृढ प्रौढांसाठी आहे. ६ वर्षांचं मूल बरोबर असेल तर उत्तराची दुप्पट धरा.

मधली_सुट्टी
मुलं आज ६ आणि ११ आहेत. घर निदान दहा वर्षांसाठी घेणार ना? मग १६ आणि २१ ला समोर ठेवून विचार करा. मोठं मूल दोन वर्षांत तेराचं होईल, आणि तेव्हा त्याला डोंगरापेक्षा मित्र लागतील. 'क'मध्ये प्रत्येक भेट, प्रत्येक सराव, प्रत्येक शिकवणी म्हणजे आईबाबांपैकी एकाने चालक व्हायचं.

माझ्या मते खरी कसोटी ही: मुलाला एकट्याने, कोणाला न विचारता, कुठपर्यंत जाता येईल? मैदान ४०० मीटरवर आहे, पण मध्ये भरधाव वाहनांचा चौपदरी रस्ता असेल तर ते मैदान आठ वर्षांच्या मुलासाठी नाहीच. नकाशावर असे रस्ते, रेल्वेमार्ग आणि बिनपुलाचे नाले लाल पेनाने काढा. घराभोवती जो बंदिस्त तुकडा उरेल तेच मुलाचं जग. बऱ्याचदा शहरातला तुकडा गावातल्यापेक्षा मोठा निघतो, कारण गावात हमरस्ता मधोमध जातो आणि पदपथ नसतात.

सावलीतला
+१. दप्तराचं अंतरही धरा. शाळा चालत १५ मिनिटांवर असेल तर मुलं काही न ठरवता रोज अर्धा तास बाहेर राहतात. दिवसा घराबाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांमध्ये लांबचं बघायचा चष्मा (लघुदृष्टी) लागण्याचं प्रमाण कमी दिसतं, आणि त्याचं एक कारण प्रकाश मानलं जातं. उन्हात १०,००० लक्सच्या वर उजेड असतो, खोलीत काहीशे. त्यासाठी डोंगर लागत नाही, अंगण पुरतं.

पाणकावळा
तलाव ३ किमीवर आहे म्हणताय, पण पाण्यात उतरायला परवानगी आहे का? पिण्याच्या पाण्याचा साठा असेल तर पोहणं आणि होडी दोन्ही बंद असण्याची शक्यता मोठी. आधी ते विचारा. मग पुढचं:

काठ कसा आहे? मुलांसाठी हळूहळू खोल होणारा काठ हवा. खाणीतून बनलेल्या तलावांत दोन पावलांवर एकदम खोली असते, आणि वरचं पाणी कोमट असलं तरी खाली गारठा. वर धरण असेल तर नदीचा प्रवाह आभाळ निरभ्र असतानाही अचानक वाढतो; भोंगा वाजतो का, कुठून ऐकू येतो, हे चौकशीत घ्या. जोराच्या पावसानंतर ४८ तास पोहू नये, कारण सांडपाणी आणि शेतातलं वाहून आलेलं सगळं पाण्यात असतं. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरवी साय दिसली, रंग सांडल्यासारखी, तर ते नीलहरित जिवाणू असू शकतात. मग मुलं नाहीत आणि कुत्रंही नाही.

एकाच भेटीत हे सगळं कळत नाही. सर्वांत कोरड्या महिन्यात पाणी कुठपर्यंत हटतं ते बघा. उपग्रहचित्रांमध्ये जुन्या तारखा निवडता येतात, घरबसल्या जमतं. काही 'तलाव' वर्षातले चार महिने नुसता चिखल असतात.

घरकोंबडा
चिखलात खेळणं हाही मैदानी छंदच.

खडूस_अभियंता
कोणी धोक्यांबद्दल बोललंच नाही, म्हणून मी.

पूर. 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे शंभर वर्षं निवांत, असं नाही. दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं तिथे राहिलात तर एकदा तरी तो येण्याची शक्यता २६ टक्के. 'अ'च्या फ्लॅटला तिसरा मजला असल्याने पाणी लागणार नाही, पण विजेचा मुख्य फलक, पाण्याचा पंप आणि वाहनतळ तळमजल्यावर असतात. सायकली तिथेच ठेवणार आहात का?

वणवा. आग चढावर सपाटीपेक्षा वेगात जाते; ठोकताळा असा की उतार १० अंशांनी वाढला की वेग दुप्पट. त्यामुळे झाडीच्या उताराच्या माथ्यावरचं घर सर्वांत वाईट जागी. बरीच घरं ज्वाळांनी पेटत नाहीत, उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. भिंतीपासून पहिल्या दीड मीटरमध्ये जळण्यासारखं काहीही नको: सरपण नाही, वाळका पालापाचोळा नाही, लाकडी कुंपण घराला टेकलेलं नाही. पन्हळी कोरड्या ऋतूआधी साफ.

दरड. उतारावर जाऊन झाडं बघा. बुंधे खालून वाकून मग सरळ वर गेलेले, तिरके खांब, संरक्षक भिंतीला फुगवटा, पावसाळ्याबाहेरही ओलसर राहणारा पट्टा, दारं अडकणारी घरं: माती सरकत असल्याची लक्षणं आहेत. एकच लक्षण दिसलं तर इतर कारण असू शकतं, तीन दिसली तर भूवैज्ञानिकाला पैसे द्या.

आणि रस्ता. बाहेर पडायला एकच रस्ता, त्यावर एकच पूल, तर वरच्या तिन्ही धोक्यांत तुम्ही अडकता. 'क'ला दुसरा रस्ता आहे का?

उनाडपाऊल
@खडूस_अभियंता एकच रस्ता आहे. पुलाचं बघावं लागेल. @चढउतार नकाशा काढून मोजलं, वाटेचा पहिला किलोमीटर १४ टक्के निघतोय. @पाणकावळा नगरपरिषदेला विचारलं, होडीला परवाना, पोहायला एका आखलेल्या भागात मोकळीक. चालू द्या.

चांदणचकवा
आकाशासाठी: बॉर्टल मोजपट्टी १ ते ९ अशी आहे, जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेली. १ म्हणजे कोरा काळोख, ९ म्हणजे महानगराचा गाभा. प्रकाशप्रदूषणाचे नकाशे जालावर फुकट मिळतात. 'अ' बहुधा ८-९, 'ब' ५-६, 'क' ४ असेल. ४ आणि खाली आकाशगंगा नीट दिसते, ६ ला डोक्यावर पुसटशी, ८ ला नाही.

पण चंद्र, ग्रह, जोडतारे आणि ठळक तारकागुच्छ यांना काळोख फारसा लागत नाही. ते शहरातल्या गच्चीवरूनही चालतं. काळोख लागतो तो तेजोमेघ, दीर्घिका आणि उल्कांना, आणि त्यासाठी महिन्यात अमावास्येच्या आसपासच्या मोजक्या रात्रीच कामाच्या. एवढ्यासाठी राहतं घर हलवू नका, गाडी हलवा. फक्त घरासमोर रस्त्याचा दिवा डोळ्यावर येतो का ते रात्री जाऊन बघा. बॉर्टल ५ मधल्या घरासमोर उघडा पांढरा दिवा असेल तर उपयोग शून्य.

रानभूल
ऊन राहिलं. दरीतलं घर बघताना समोरच्या डोंगराची उंची अंशांत मोजा. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी दुपारच्या सूर्याची उंची = ९० वजा अक्षांश वजा २३.४. अक्षांश ४५ असेल तर २१.६ अंश. दुपारच्या सूर्याच्या दिशेला दोन मुठींपेक्षा जास्त डोंगर असेल तर त्या काळात घरावर ऊनच पडणार नाही. (हे विषुववृत्तापासून दूर राहणाऱ्यांसाठी, जवळ असाल तर उलट सावली शोधत फिराल.)

दुसरं, रात्री गार हवा उतारावरून वाहून दरीच्या तळाशी साचते. तिथे धुकं, दव आणि चुलींचा धूर सकाळी उशिरापर्यंत अडकून राहतो. तळापासून थोडं वर, उताराच्या मधल्या पट्ट्यात, रात्री जास्त उबदार असतात. निसर्गरम्य दरीतली हवा स्वच्छ असेलच असं नाही. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) ची वार्षिक सरासरी बघा; जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. ती फार थोडी ठिकाणं पाळतात, तेव्हा तिघांची आपसांत तुलना करा.

कानोसा
आवाज. याच संघटनेची २०१८ ची युरोपसाठीची शिफारस: रस्त्याचा आवाज दिवसरात्रीच्या भारित सरासरीने ५३ डेसिबलच्या आत, रात्री ४५ च्या आत. सलग वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केलं की फक्त ३ डेसिबल कमी होतात. मध्ये झाडं आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. ३० मीटर रुंद घनदाट झाडी असली तरी साधारण ५ डेसिबलचाच फरक. मातीचा बांध किंवा भिंत जास्त काम करते. आणि दरीतला रस्ता वरच्या घराला जास्त ऐकू येतो, कारण मध्ये अडथळाच नसतो.

ओली_चप्पल
आता ज्यावरून घराघरांत भांडणं होतात तो विषय: सामान. तुमच्या छंदांचं सामान घरात कुठून येतं, कुठे गळतं, कुठे वाळतं?

डोंगरी सायकलीचं (माउंटन बाइक) हँडल ७०-८० सेंटिमीटर रुंद असतं. दार ९० चं हवं. तिसऱ्या मजल्यावर चार सायकली रोज चढवणं दोन आठवडे चालतं, मग सायकल चालवणंच बंद होतं. 'अ' घेणार असाल तर तळमजल्यावर कुलपाची खोली आहे का, नसेल तर उद्वाहकाची कर्णरेषा मोजा; सायकल मागच्या चाकावर उभी करून मावते का बघा. विजेच्या सायकलीची बॅटरी बाहेर पडण्याच्या वाटेवर कधीही चार्ज करायची नाही. ती पेटली तर दाराकडे जाताच येत नाही.

होडी (कायाक) लांब पल्ल्याची असेल तर ४ ते ५ मीटर. ती जिन्याच्या वळणावर फिरत नाही. फ्लॅटवाल्यांनी हवा भरायची घ्यावी, मात्र ती वाळवून घडी करायला जागा लागते.

वाळवणं हा खरा मुद्दा. ओला तंबू घडी करून ठेवला की बुरशी धरते, आणि कापडाच्या आतला पॉलियुरेथेनचा थर उष्ण दमट जागेत चिकट होऊन सुटतो. मग त्यावर उपाय नाही, तंबू गेला. झोपायच्या पिशव्या दाबून ठेवायच्या नाहीत, मोकळ्या टांगायच्या. चढाईचा दोर उन्हात नको आणि गाडीच्या बॅटरीजवळ तर नकोच, आम्लाच्या वाफेने तो दिसायला धड राहतो आणि आतून कमजोर होतो. या सगळ्याला एक अशी जागा हवी: फरशीला उतार आणि जाळी, एक नळ, आडवा बांबू किंवा तार निदान ३ मीटर, वारा आरपार. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी लागत नाही. घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर नंतर बघा, ही जागा आधी शोधा.

घरकोंबडा
ओली_चप्पल ताई/दादा, हे घर आहे की तंबूचं माहेर?

ओली_चप्पल
@घरकोंबडा ताई. आणि हो, बूट बाहेर काढा.

वाटसरू_७
नकाशावर हिरवं दिसतं म्हणजे जाता येतं, हा समज सोडा. खाजगी वन, लष्करी हद्द, पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद राहणारा भाग, हे सगळं हिरवंच रंगवतात. देशागणिक कायदेही वेगळे. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने बिनलागवडीच्या जमिनीवर कोणीही चालू शकतो, घरांपासून १५० मीटर अंतर ठेवून तंबूही टाकता येतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने तसा हक्क आहे. बऱ्याच देशांत असं काही नाही, आणि कुंपण पडलं की वाट संपली. 'दारातून पायवाट' कोणाच्या जमिनीतून जाते? वहिवाटीची नोंद असेल तर कागद दाखवा म्हणावं. शेजाऱ्याच्या मर्जीवरची वाट जमीन विकली गेली की जाते.

एक्सेलवीर
सगळं वाचून तक्ता बनवला: १८ निकष, प्रत्येकाला १ ते ५ गुण, वर भारांक (कोणता निकष किती महत्त्वाचा). भरून गुणाकार करा, सगळ्यांत जास्त बेरीज ते घर. हवा असेल तर निरोप टाका.

खडूस_अभियंता
@एक्सेलवीर तक्ता छान, पद्धत धोक्याची. बेरजेत पुराचा १ गुण चांदण्यांच्या ५ गुणांनी झाकला जातो. शिवाय मन आधीच 'क'वर बसलंय, भारांक हळूच त्या बाजूला सरकतात. गुण देऊ नका, चाळणी लावा. आधी फक्त 'नाही' म्हणायचे प्रश्न: बाहेर पडायचे दोन रस्ते आहेत? रुग्णवाहिका किती मिनिटांत येते? (हृदय थांबलं तर ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते, म्हणून लांब राहणाऱ्या घरात छाती दाबून जीव वाचवण्याचं शिक्षण दोघांनाही हवं, एकाला नाही.) विहीर किंवा विंधणविहीर असेल तर पाणी तपासलं? जिवाणू, नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत, फ्लोराइड दीडच्या आत, आर्सेनिक १० मायक्रोग्रॅमच्या आत. शोषखड्डा विहिरीपासून ३० मीटरवर आणि उताराच्या खालच्या बाजूला? यात जे नापास झालं त्याचे बाकीचे गुण बघायचेच नाहीत.

एक्सेलवीर
पटलं. तक्त्यात एक लाल स्तंभ वाढवतो, एक 'नाही' आलं की पूर्ण ओळ करडी.

उनाडपाऊल
रस्त्यावर 'क' करडा झाला. पूल एकच, आणि रुग्णवाहिकेला ५० मिनिटं. मन खट्टू आहे, पण मान्य. आता 'अ' की 'ब'? 'ब'ला बाहेर पडायचे तीन रस्ते आहेत आणि मोठं रुग्णालय २० मिनिटांवर.

रानभूल
'ब'. डोंगर जवळ आणि पोरांना गावही आहे.

नकाशेबाज
'ब', पण नगरात कुठे, ते जास्त महत्त्वाचं. टेकड्या आणि शाळा हमरस्त्याच्या एकाच बाजूला पडतात अशी गल्ली शोधा. मधली_सुट्टीने सांगितलेलं लाल पेन इथे चालवा. शहराला जाणाऱ्याला स्थानक सायकलने १५ मिनिटांत असेल तर दुसरी गाडी लागणार नाही.

मधली_सुट्टी
आणि विकत घेण्याआधी भाड्याने राहा, तेही सर्वांत वाईट ऋतूत. जिथे पाऊस आडवा येतो तिथे पावसात, जिथे चार वाजता अंधार पडतो तिथे हिवाळ्यात. चांगल्या ऋतूत सगळीच गावं चांगली. पर्यटक येणारं ठिकाण असेल तर मात्र गर्दीच्या सुट्टीतही एकदा जा. शनिवारी सकाळी तलावाचा रस्ता तुंबत असेल तर ते ३ किमी सायकलनेच करायचे.

उनाडपाऊल
तीन महिन्यांचं भाड्याचं घर बघतोय, पावसाळ्यातलं. दोन गल्ल्या आहेत: एक टेकडीच्या पायथ्याशी, एक तलावाच्या रस्त्यावर. शाळा पायथ्याच्या बाजूला.

पाणकावळा
मनावर दगड ठेवून सांगतो, पायथ्याची घ्या. तलावाला ठरवून जाता येतं. फक्त टेकडीवरून येणारा ओढा घराच्या कोणत्या बाजूने जातो आणि रस्त्याखालचा पाइप किती रुंद आहे, ते पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बघून या. पाइपाच्या तोंडाशी फांद्या आणि प्लास्टिक अडकलेलं दिसलं तर त्या गल्लीतलं वरच्या अंगाचं घर बघा, खालच्या अंगाचं नको.